चुड्यासकट बुडी

बावीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले आणि कुणी म्हणून माझं खरं मानलं नाही.

नणंद आहे, भावजयीचं चांगलं बोलेल का, असं म्हणून सोडून दिलं.

म्हणून त्या शुक्रवारी मी सरळ काजीबाबांच्या घाण्यावर गेले आणि उभ्या उभ्या विचारलं.

"अर्धी बुडी घेतलेल्या बाईचा आत्मा कुठं उभा राहतो, काजीबाबा?"

ते भिंतीला पाठ लावून खोबरं निवडत होते. हात थांबला नाही.

"अर्धी म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या अंगाला पाणी लागलं नाही ती."

"कुठं नाही लागलं?"

"मनगटांना."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी एक वाटी नाकाशी नेली. वास घेतला. बाजूला टाकली. खवट होती.

"बस," म्हणाले.

"बसायला वेळ नाही. ती तिकडं पडलीय."

"ती पडलीय म्हणूनच बस म्हणतो."

मी बसले.

आम्ही किनाऱ्यावरचे इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणतात. काजी म्हणजे आमच्यात धर्म सांगणारा माणूस. एलोजी काजी तेव्हा ऐंशीच्या पुढं होते. डोळे जवळजवळ गेलेले. कान मात्र असे की कुणाच्या घाण्याची लाट, म्हणजे तो फिरता लाकडी दांडा, करकरली तर बसल्या जागी सांगत, बैल नवा आहे.

शनिवारी दुपारी ते सिनेगॉगच्या ओटीवर बसून जुन्या पोथ्यांतल्या गुप्त गोष्टी सांगत. आत्मे कुठून येतात, कुठं थांबतात, कोण कुणाच्या वर उभं राहतं. पुरुष ओटीवर, बायका खाली अंगणात. मी चौथी शिकले, पुढं नाही. पण काजीबाबांनी एकदा सांगितलेलं मी महिन्यानं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवीन. पुरुषही अडले की मला विचारत. हे मी मिरवायचे. खोटं कशाला सांगू.

आणि भावजय म्हणजे माझ्या भावाची, इसाजीची बायको. जन्माची कोळीण. नाव चांगुणा. इसाजी तेल घेऊन बाजारात बसायचा, ती मासळी घेऊन. दीड वर्ष काजीबाबांनी तिला आमचं सगळं शिकवलं, मग समुद्रात बुडी दिली, सिपोरा नाव ठेवलं आणि लग्न लावलं.

सिपोरा हे नाव मी कधी तोंडात घेतलं नाही. चांगुणाच म्हणत आले. तिच्या तोंडावरसुद्धा.

इसाजी पाच वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. आणि ती त्या शुक्रवारी पहाटे गेली.

शुक्रवारी गेलेल्याला सूर्य मावळायच्या आत मातीत द्यावं लागतं. मावळला की शब्बाथ लागला, मग कुणी फावडं उचलत नाही. प्रश्न एवढाच होता की मातीत द्यायचं कुठं. इसाजीच्या शेजारी, की भिंतीजवळ.

आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग पाडलेले आहेत. कातडीच्या रंगाचा त्यात संबंध नाही. ज्याच्या जन्मात किंवा धर्मात येण्यात काही उणं, तो काळा. त्याचं ताट वेगळं आणि कबरस्तानात त्याची जागा भिंतीजवळ.

उजाडल्याबरोबर मी हसाजीकडं गेले होते. तो खणायचं काम करतो. त्याला सांगितलं, भिंतीजवळ खण. त्यानं खणलंही. मग मंडळी कुजबुजायला लागली की काजींना विचारल्याशिवाय नको.

आणि गावातल्या बायकांची मयत धुते मी. कुठल्या वेळी काय म्हणायचं ते दुसऱ्या कुणाला येत नाही. मी सांगून टाकलं होतं, जागा ठरल्याशिवाय तिच्या अंगावर पाणी घालणार नाही.

असं सगळं माझ्यापाशी अडलेलं होतं.

"तुम्हीच सांगितलंय," मी काजीबाबांना म्हटलं. "बाहेरून येणाऱ्याचा आत्मा वरती नीतिमानांच्या बागेत तयार होऊन थांबलेला असतो. माणूस पुरता पाण्याखाली गेला की तो उतरतो. सांगितलंय की नाही?"

"सांगितलंय."

"सिनाय डोंगराखाली आपले वाडवडील उभे होते, तेव्हा पुढं येणाऱ्यांचे आत्मेसुद्धा त्या गर्दीत उभे होते."

"तेही सांगितलंय."

"मग मनगटांना पाणी नाही लागलं तर तो उतरला कुठवर? कोपरापर्यंत?"

मला वाटलं मी फार धारदार बोलले. घाण्याला जुंपलेल्या बैलानं कान हलवला, बाकी कुणी काही नाही.

"मनगटांना पाणी का नाही लागलं?" त्यांनी विचारलं.

"चुडा होता."

"लग्नाचा?"

"लग्नाचाच. हिरवा. एकेका हातात बारा. कासार आपल्याकडं बुधवारीच येतो. बुडी गुरुवारी, लग्न रविवारी. आईनं बुधवारीच तिच्या हातांत चुडा भरून घेतला. बुडीचं कुणाच्या ध्यानातच नाही आलं. आणि नवरीचा चुडा कसा घट्ट भरतात... फोडल्याशिवाय निघत नाही. त्याच्याखाली पाणी कुठून जाणार?"

"तू कुठं होतीस?"

"पाण्यात. कमरेएवढ्या. बाईला बुडी द्यायला बाईच लागते."

"मी कुठं होतो?"

"तुम्ही आणि दुसरे दोघे वाळूत. मध्ये शिडाचं कापड धरलेलं. तुम्ही पाठ करून उभे."

"मग ती पाण्याखाली गेली हे आम्हाला कळलं कसं?"

मी पदर सारखा केला.

"मिल्का. कळलं कसं?"

"मी ओरडून सांगत होते."

"काय?"

"गेली म्हणून."

"किती वेळा?"

"तीनदा."

"अर्धी गेली म्हणालीस? मनगटं राहिली म्हणालीस?"

"नाही."

"मग खोटं कधीचं? त्या दिवशीचं, की बावीस वर्षांचं?"

"त्या दिवशी मला अक्कल नव्हती," मी म्हटलं.

"सव्वीस वर्षांची होतीस."

"तरी नव्हती."

"मग आली कधी?"

उत्तर तोंडाशी होतं. बाहेर पडल्यावर मला कळलं की ते आपण द्यायला नको होतं.

"आईनं मलिद्याची परात तिला दिली तेव्हा."

मलिदा म्हणजे पोहे, खोबरं, साखर, वरून फळं. नवस फिटला, घरात चांगलं काही झालं की एलिया नबीच्या नावानं करतात आणि घरोघर वाटतात. आमच्या घरची परात तांब्याची, आजीच्या आजीची. मी लेक. पण मी लग्न होऊन वर्षात परत आलेली, नवरा गेलेली. लग्नाच्या वर्षातच आईनं परात सुनेच्या हातात दिली.

त्या वर्षी मी पहिल्यांदा बोलले, हिची बुडी पुरी नव्हती म्हणून.

कुणी विश्वास ठेवला नाही. पण त्या वर्षापासून तिच्या परातीतला मलिदाही कुणी घेतला नाही. हे असं असतं गाव. ती दारोदार फिरायची. बायका म्हणायच्या, आत्ताच जेवण झालं गो. संध्याकाळी परात भरलेली तशीच घरी यायची. इसाजी एकटा बसून खायचा.

काजीबाबांना ह्यातलं सगळं ठाऊक होतं. त्यांनी फक्त विचारलं:

"बुडीत अडसर कशाला म्हणतात? म्हणून दाखव."

हे मला येत होतं. मी ताठ बसले.

"अंगाला घट्ट बसलेली वस्तू, जिच्याखाली पाणी जात नाही. आणि..."

"आणि?"

"आणि जी त्या माणसाला स्वतःच्या अंगावर नकोशी असते."

"नकोशी नसेल तर?"

"नसेल तर..."

"येत नाही?"

"येतं." माझा आवाज खाली गेला. "नसेल तर तो अडसर नाही. ती वस्तू अंगच धरायची."

"चुडा तिला नकोसा होता?"

मला बुधवारची रात्र आठवली. ती आमच्या मावशीकडं निजायला होती, मी सोबतीला. दोन्ही हात छातीवर धरून सरळ पडून राहिली होती. म्हटलं, कूस तरी बदल. तर म्हणाली, वाढवला म्हणजे?

बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. इतकी जपत होती.

"नव्हता नकोसा," मी म्हटलं.

"मग बावीस वर्षं तो चुडा नकोसा कुणाला होता?"

बैल थांबला होता. लाटही थांबली होती. घाणा हाकणाऱ्या मुलांनी शुक्रवारचं काम आवरलं असावं. तेल ठिबकत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"ती बांगड्या काढायला निघाली होती का?" काजीबाबांनी विचारलं.

"मला उशीर होतोय."

"निघाली होती का? आणि तिला नको कुणी म्हटलं?"

"कुणी म्हटलं असेल. पाण्यात काय ध्यानात राहतं."

"तुझ्या ध्यानात सगळं राहतं, मिल्का."

मी उठले. ते म्हणाले, "ते कोनाड्यातलं गाठोडं दे."

फडक्याची पुरचुंडी होती, मुठीएवढी. मी दिली, त्यांनी परत माझ्याच हातात ठेवली.

"सोड."

सोडली. आत हिरव्या काचा.

"इसाजी गेला त्या दिवशीच्या," काजीबाबा म्हणाले. "तुम्ही बायकांनी तिचे हात मोकळे केलेत. तिनं काचा वेचल्या आणि सुतक फिटल्यावर इथं आणल्या. म्हणाली, काजीबाबा, आता मनगटांवर काही नाही. आता परत बुडी घेऊ का?"

"तुम्ही काय म्हटलंत?"

"म्हटलं, गरज नाही. पहिलीच पुरी होती."

"मग?"

"म्हणाली, तुम्हाला गरज नसेल. वन्संना आहे. त्यांना घेऊन जाते, त्यांच्या डोळ्यांदेखत घेते."

काचेचा एक तुकडा माझ्या बोटाला लागला. मी फडकं घट्ट धरलं होतं वाटतं.

"आली होती तुझ्याकडं?"

मी पुरचुंडीची गाठ मारायला लागले.

"मिल्का."

"आली होती."

"मग?"

"म्हटलं, डोकं दुखतंय."

"दुखत होतं?"

"नाही."

काजीबाबांनी मान हलवली, जशी खोबऱ्याची वाटी बरी निघाली की हलवतात तशी.

"एकटीच गेली," ते म्हणाले. "ओलेत्यानं इथं आली. दाराच्या आत पाय टाकला नाही, घाण्याजवळ पाणी सांडेल म्हणून. म्हणाली, कुणी बघणारं नव्हतं, काजीबाबा. चालेल का? मी म्हटलं, अगो, तुला कितीदा सांगू, पहिलीच चालली होती. तर म्हणाली, मग ते गावाला सांगा ना..."

इथं ते थांबले.

हातातली वाटी हातातच राहिली. नाकाशी नेली नाही, टाकली नाही, ढिगातही ठेवली नाही.

मी वाट पाहिली.

मला माझीच घाई होती. मी म्हटलं, "बरं. चुकलं असेल माझं. चुकलेल्याला परत फिरता येतं ना? तुम्हीच सांगता. जो परत फिरतो तो जिथं उभा राहतो, तिथं जन्मात न चुकलेल्यालासुद्धा उभं राहता येत नाही. इतकी उंच जागा ती."

"पाठ आहे तुला."

"आहे."

"मग आत्ताच्या आत्ता त्या उंच जागेवर जाऊन उभं राहायचंय?"

"हो."

"आणि तिला भिंतीजवळ? परत फिरायला आधी निघावं लागतं, पोरी. तू अजून घरातून निघालेलीच नाहीस."

"मग जागा सांगा. कुठं पुरायची ते सांगा, मी जाऊन धुते."

"आधी धू."

"आधी जागा."

"आधी धू," ते म्हणाले, आणि ती वाटी त्यांनी एकदाची खाली ठेवली.

मी गेले.

खोलीत बायका भिंतीकडेनं बसल्या होत्या. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. कोपऱ्यात ती तांब्याची परात उभी करून ठेवलेली. घासून लख्ख केलेली. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा घासली असणार. तिची सवयच तशी.

मयत धुण्याआधी नाव घेऊन माफी मागायची रीत आहे. आमच्याकडून तुझा मान राखण्यात काही उणं राहिलं तर क्षमा कर, असं म्हणायचं. नाव बापाच्या नावासकट घ्यायचं. बाहेरून आलेल्याला बाप एकच, अब्राहाम. कारण तोही बाहेरूनच आला होता, त्याच्याआधी कुणी नव्हतं.

शेकडो बायकांची नावं मी घेतली असतील. हे एक बावीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं.

"सिपोरा," मी म्हटलं. "अब्राहामाची लेक."

एक म्हातारी म्हणाली, "येतं म्हणायचं तुला नाव."

मी ऐकून घेतलं. हात थांबवला नाही.

डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतलं, मध्ये धार तोडायची नसते, तशी तोडली नाही. मग मनगटं हातात घेतली. पाच वर्षं मोकळी. नुसती हाडं. त्यांच्यावर मी आणखी एकदा ओतलं. हे रीतीत नाही. बायकांना वाटलं मी विसरले, परत ओततेय. मी विसरत नाही.

तेव्हा मला ती पाण्यातली परत दिसली. कमरेएवढ्या पाण्यात, थंडीनं दात वाजतायत, आणि हात माझ्यापुढं धरलेले.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी गेले. अडवायची कुणाची टाप नव्हती.

काजीबाबांना बैलगाडीतून आणलं होतं. काठी टेकत ते आत आले. सूर्य नारळांच्या वर चार हात होता.

हसाजी म्हणाला, "काजीबाबा, दोन खणून ठेवलेत. मिल्काबाईनं सकाळी भिंतीकडचा खणायला लावला. मग मंडळी म्हणाली, इसाजीशेजारीही एक असू दे. तुम्ही म्हणाल तिथं."

"इसाजीशेजारी."

कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

तिला खाली ठेवली. मी माती टाकली. काचांची पुरचुंडी कनवटीला होती, ती काही टाकली नाही. ती अजून माझ्यापाशी आहे.

पुरून झालं. पुरुष हात झटकायला लागले. हसाजी मात्र भिंतीजवळच्या खड्ड्याशी जाऊन उभा राहिला.

"आणि ह्याचं काय?"

उघडा खड्डा शब्बाथला ठेवायचा नाही. आणि रिकामा बुजवला तर तो माणूस मागतो, अशी आमच्या गावची जुनी समजूत. म्हणून कधी चुकून जास्तीचा खणला गेला, तर बुजवून वर कुणाच्या तरी नावाचा दगड ठेवायचा. ज्याचं नाव, त्याची ती जागा. मग खड्डा दुसऱ्या कुणाला मागत नाही, त्या माणसाची वाट बघत पडून राहतो.

भिंतीजवळ नाव कोण देणार? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी मागून बोललं, "ज्यानं खणायला लावला त्याचं घाला की."

नीट ऐकू यावं असंच बोलला तो.

"माझं घाला," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं वळले.

"माझंच घालायचं. पण खणायला लावला म्हणून नाही. ऐका आता सगळे. बावीस वर्षं ऐकलं नाहीत, आज तरी ऐका. ती चुडा फोडायला निघाली होती."

काजीबाबांनी मान वर केली.

"पाण्यात उभी होती माझ्यापुढं. म्हणाली, वन्सं, आमच्यात लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. मी दोन्ही हातांतल्या देते. खडकावर हात आपटला की झालं. मग मनगटं मोकळी होतील. तिला कळलं होतं. दीड वर्ष शिकलेली ती, तिला कळलं, आणि मला जन्माच्या इस्राएल बाईला कळलं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, आता तुमच्यात-आमच्यात काय राहिलं गो. भरलेला चुडा फोडू नको. माझ्या भावाच्या जिवाला काही झालं तर? राहू दे. तशीच जा खाली. आणि ती गेली. मी सांगितलं म्हणून गेली. आणि पुढं बावीस वर्षं तेच मी..."

पुढचं न बोलताही सगळ्यांना कळलं.

"तिनं कधी सांगितलं नाही," हसाजी म्हणाला. "तू नको म्हटलंस ते."

"नाही सांगितलं."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. मला तोंडावरसुद्धा बोलली नाही कधी." मी भिंतीकडं हात केला. "घाल नाव. मिल्का. बापाचं नावही घाल, म्हणजे दुसऱ्या कुठल्या मिल्काला मागायला नको."

हसाजीनं दगड उचलून आणला. नावं कोरायची टाकी त्याच्या कमरेला असतेच. तो खाली बसला.

तेवढ्यात काजीबाबांची काठी वाजली. चाचपत ते खड्ड्याच्या कडेला आले. काठी आत सोडली, तळ लागला, वर ओढली. मग आडवी धरून लांबी बघितली, घाण्याच्या लाटेचं माप घ्यावं तशी.

"मिल्का," ते म्हणाले. "पाण्यातून वर येताना बांगड्या वाजल्या होत्या."

"हो," मी म्हटलं.

"तीनदा."

"हो... तुम्हाला काय ठाऊक?"

ते गावाकडं तोंड करून उभे राहिले. दिसत त्यांना काही नव्हतं, पण बरोबर मंडळींच्या समोर.

"तिची पहिली बुडी पुरी होती," ते म्हणाले. "वाजतात त्या बांगड्या मनगटावर सैल असतात, त्यांच्याखाली पाणी जातंच. हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. शिडाच्या कापडामागं आम्ही तिघं होतो. दोघं केव्हाच वर गेले. पाच वर्षांपूर्वी ती म्हणाली, हे गावाला सांगा. आज सांगतो आहे."

भिंतीपलीकडं समुद्र होता, त्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "काजीबाबा, बोलले मी. चूक माझी."

हसाजीनं टाकी दगडावर टेकवली. "काय घालू मग?"

काजीबाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही.

"तुझ्या कानात पाणी होतं, पोरी. माझे कान कोरडे होते... घाल, हसाजी, माझं नाव. एलोजी."